सोलर ६ वरचा शोध-इंडेक्स ९ वर न्यायचाय, पण काही मजकूर फक्त इंडेक्समध्येच आहे

ओसरी (धागालेखिका), सोमवार रात्री ९.४०

नमस्कार. तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात मी संगणकाचं काम बघते. जुनी मासिकं, साप्ताहिकं, गावातल्या संस्थांचे वार्षिक अहवाल असं बरंच काही आम्ही स्कॅन करून ठेवलंय. एकूण पानं साधारण एक लाख ऐंशी हजार. टेसरॅक्टने ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखून) हा मजकूर २०१७ मध्ये सोलर ६.६ या शोध-सॉफ्टवेअरमध्ये भरला गेला, आणि वाचक आमच्या संकेतस्थळावरून त्यात शोधतात. ज्यांनी हे उभं केलं ते आता परगावी असतात. फोनवर मदत करतात, पण त्यांनाही सगळं आठवत नाही.

सर्व्हर जुना झालाय आणि दोन महिन्यांत बदलावाच लागेल. नव्या मशीनवर सोलर ९ टाकायचं ठरवलंय. डेटा फोल्डर उचलून नव्या ठिकाणी ठेवला तर सोलर सुरूच होत नाही, लॉगमध्ये इंडेक्स फार जुना असल्याची तक्रार येते.

खरी काळजी वेगळीच आहे. ओसीआरच्या मूळ फाइली एका हार्ड डिस्कवर आहेत, पण गेल्या सहा-सात वर्षांत आमच्या चौदा स्वयंसेवकांनी एकतीस हजार पानं वाचून दुरुस्त केली. त्या दुरुस्त्या वेबवरच्या फॉर्ममधून थेट सोलरमध्ये जात होत्या. दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नाही. या लोकांपैकी बरेच निवृत्त शिक्षक आहेत आणि दोघं आज हयात नाहीत. त्यांचं काम माझ्या हातून पुसलं जाऊ नये, एवढीच इच्छा आहे. काय करू?

---

तांबडमाती, सोमवार रात्री १०.१५

एकदम ६ वरून ९ जमणार नाही. प्रत्येक आवृत्ती फक्त आपल्या मागच्या मोठ्या आवृत्तीचा इंडेक्स वाचते. तेव्हा पायरीपायरीने जा. सोलरच्या आतलं शोध-इंजिन म्हणजे ल्युसीन, त्याच्याबरोबर इंडेक्स अपग्रेडर नावाचं साधन येतं. ७ चं चालवा, मग ८ चं, मग ९ चं. प्रत्येक वेळी सगळे सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचे तुकडे, नव्या स्वरूपात लिहिले जातील. आधी अर्थातच कॉपी काढून ठेवा.

---

दगडीपूल, सोमवार रात्री ११.०५

तांबडमाती, हा मार्ग ६ वरून ७ पर्यंत चालतो. पुढे दार बंद आहे.

ल्युसीन ७ पासून इंडेक्समध्ये एक नोंद असते, की हा इंडेक्स *मुळात* कोणत्या मोठ्या आवृत्तीत जन्मला. अपग्रेडर सेगमेंट नव्याने लिहितो, पण ही जन्मनोंद बदलत नाही. त्यामुळे ६ मध्ये जन्मलेला इंडेक्स ७ च्या अपग्रेडरमधून काढला तरी ८ त्याला उघडायला नकार देते.

हा आडमुठेपणा नाही, त्यामागे कारण आहे. फील्डमध्ये किती शब्द आहेत हे ल्युसीन गुणांकनासाठी (कोणतं पान वर दाखवायचं ते ठरवण्यासाठी) एका बाइटमध्ये दाबून ठेवतं. ७ मध्ये ही दाबायची पद्धत बदलली आणि लांबी जास्त अचूक साठू लागली. जुन्या पद्धतीत जी माहिती तेव्हाच गळून गेली, ती नव्या आवृत्तीने आणायची कुठून? सेगमेंट कितीही वेळा लिहा, गळलेलं परत येत नाही.

ओसरीताई, म्हणून जुना इंडेक्स वर ओढत नेण्याचा विचार सोडा. मजकुरातून नवा इंडेक्स घडवायचा. मात्र त्याआधी, आज रात्रीच शक्य असेल तर, सोलर थांबवून डेटा फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि दुरुस्तीचा फॉर्म बंद करा. मग स्कीमा फाइल (कोणतं फील्ड कसं ठेवायचं ते सांगणारी) उघडून प्रत्येक फील्डपुढे ‘स्टोअर्ड’, म्हणजे मूळ मजकूर जसाच्या तसा साठवलेला, ट्रू आहे की फॉल्स, ते इथे सांगा. सगळं त्यावर ठरेल.

---

ओसरी, मंगळवार सकाळी ७.२०

प्रत घेतली. फॉर्म बंद करून तिथे ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली. प्रतीच्या प्रतीवर मी रात्री अपग्रेडरही चालवून पाहिला, कारण स्वतः पाहिल्याशिवाय मन मानेना. दगडीपूल यांनी लिहिलं तसंच झालं. ७ चा सुखरूप पार पडला, ८ ने नकार दिला.

स्कीमा असा आहे: आयडी, मजकूर, शीर्षक, वर्ष, पान क्रमांक हे सगळे स्टोअर्ड ट्रू. ‘सगळं’ नावाचं एक फील्ड आहे, त्यात कॉपीफील्डने (एका फील्डची दुसऱ्यात आपोआप नक्कल करणाऱ्या सोयीने) मजकूर आणि शीर्षक जातात, तेही ट्रू. आणि ‘दुरुस्तीकार’ हे फील्ड फॉल्स. म्हणजे कोणी कुठलं पान दुरुस्त केलं ही माहिती गेली का?

---

दगडीपूल, मंगळवार सकाळी ८.१०

मजकूर स्टोअर्ड आहे म्हणजे सगळ्यात मोठा घोर मिटला. जसाच्या तसा बाहेर काढता येईल.

दुरुस्तीकाराचं फील्ड कोणत्या प्रकारचं आहे? साधं स्ट्रिंग असेल आणि ‘इंडेक्स्ड’ (शोधता येण्याजोगं) ट्रू असेल, तर नावं गेलेली नाहीत. स्टोअर्ड नाही म्हणजे पानाकडून नावाकडे जाता येत नाही, एवढंच. नावाकडून पानांकडे जाता येतं. त्या फील्डवर फॅसेट (प्रत्येक वेगळं नाव आणि त्याची मोजणी) मागा, लिमिट उणे एक ठेवा, म्हणजे मर्यादा नाही. सगळी नावं यादीने मिळतील. मग एकेक नाव घेऊन शोध द्या आणि फक्त आयडी मागवा. तुकडे पडणारं टेक्स्ट फील्ड असतं तर नावांचे शब्द सुटे झाले असते, स्ट्रिंगमध्ये नाव अख्खं राहतं.

---

ओसरी, मंगळवार दुपारी १.४५

स्ट्रिंगच आहे. आत्ता फॅसेट चालवला.

चौदाच्या चौदा नावं आली, प्रत्येकापुढे पानांचा आकडा. सगळ्यात वर ज्या बाईंचं नाव आहे त्यांनी एकट्यांनी नऊ हजारांवर पानं तपासली होती. दुपारी चहा झाला की त्या वाचनालयात यायच्या, भिंग घेऊन, आणि दिवेलागणीला जायच्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या. पडद्यावर तो आकडा बघून थोडा वेळ नुसती बसून राहिले. खूप खूप आभार.

---

वळचण, मंगळवार दुपारी ३.३०

वाचतोय. इलास्टिकसर्च या दुसऱ्या शोध-सॉफ्टवेअरवाल्यांसाठीही लिहून ठेवतो, कारण खाली इंजिन तेच आहे, ल्युसीन. इलास्टिकसर्च ७ खाली ल्युसीन ८, इलास्टिकसर्च ८ खाली ल्युसीन ९. तिथेही ६ मध्ये तयार झालेला इंडेक्स ८ मध्ये उघडत नाही. आधी ७.१७ वर यायचं, जुने इंडेक्स तिथे रीइंडेक्स करायचे, मगच ८. शिवाय ८ मध्ये सुरक्षा पहिल्या दिवसापासून चालू असते. पासवर्ड आणि एचटीटीपीएस नसलेले जुने क्लायंट जोडलेच जात नाहीत, आणि माणूस इंडेक्सला दोष देत बसतो.

ओसरीताई, आता सगळं नव्यानेच भरायचंय तर ओपनसर्चवर जाण्याचा विचार करा. २०२१ मध्ये परवाना बदलला तेव्हा इलास्टिकसर्च ७.१० वरून तो फाटा निघाला. परवाना अपाचे २ आहे, वाचनालयासाठी निश्चिंत.

---

दगडीपूल, मंगळवार दुपारी ४.००

वळचण, ओपनसर्च चांगलंच आहे, पण इथे माझा विरोध आहे. सोलरही अपाचे २ परवान्याखालीच आहे, तेव्हा परवान्याची भीती नाहीच. यांचं संकेतस्थळ सोलरच्या भाषेत बोलतं. इंजिन बदललं की तो सगळा कोड बदलणार, आणि निकाल वेगळे आले तर दोष कोणाचा हे कळणार नाही. एका वेळी एकच बदल. मी हा नियम मोडून एकदा तीन आठवडे घालवलेत. आवृत्ती, शब्दांचे तुकडे पाडण्याची पद्धत आणि गुणांकन तिन्ही एका रात्रीत बदललं होतं, आणि ग्राहक विचारत होता की कालचा पहिला निकाल आज चाळिसावा का.

ताई, आता मजकूर बाहेर काढायचा. ‘स्टार्ट’चा आकडा वाढवत पानं मागवत जाऊ नका, लाखापुढे ते फार हळू होत जातं. कर्सरमार्क (आधी जिथे थांबलो ती खूण) वापरा, सॉर्टमध्ये आयडी हवाच. प्रत्येक पानाची एक जेसन (साध्या मजकुराच्या स्वरूपातली) फाइल, वर्षाच्या फोल्डरमध्ये. यापुढे त्या फाइली म्हणजे तुमचं मूळ. सोलर उद्या जळून गेलं तरी त्यांच्यावरून परत उभं राहिलं पाहिजे. दुरुस्तीचा फॉर्मही आता आधी फाइलीत लिहील आणि मग सोलरला कळवेल, असा बदलून घ्या.

दोन गोष्टी भरण्याआधी आठवणीने करा. अंडरस्कोर-व्हर्शन-अंडरस्कोर नावाचं फील्ड काढून टाका. ते राहिलं तर नवं सोलर म्हणेल की या आवृत्तीचं पान माझ्याकडे आधीपासून असायला हवं, आणि ४०९ ही एरर देऊन परत पाठवेल. आणि ‘सगळं’ हे फील्डही भरू नका. ते कॉपीफील्डने आपोआप भरतं, तुम्हीही भरलंत तर मजकूर दोनदा जाईल.

---

खडूफळा, मंगळवार रात्री ८.३०

मी तंत्रातला नाही, निवृत्त मराठी शिक्षक आहे आणि अशा संग्रहांचा रोजचा वाचक. एक गाऱ्हाणं या निमित्ताने मांडतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला की काही पानं येतात, आणि तोच शब्द माझ्या मुलाच्या संगणकावर टाइप केला की वेगळीच पानं येतात. दिसायला दोन्ही एकच. आणि केळकर शोधावं तर एका संग्रहात मला केळीच्या बागांवरचे लेख मिळतात. हे असं का होतं, कोणी सांगेल का?

---

दगडीपूल, मंगळवार रात्री १०.५०

खडूफळा सर, दोन्ही प्रश्न लाखमोलाचे आहेत, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग या: दुसऱ्या. दुसरा, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, आणि मग या: दुसर्‍या. कोणत्या कळफलकाने टाइप केलं त्यावर ते ठरतं. तुम्हाला एकच शब्द दिसतो, सोलरला दोन. सुऱ्या, दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना, सगळ्यांची तीच गत. ओसरीताईंच्या संग्रहात स्टँडर्ड टोकनायझर (मजकुराचे शब्द सुटे करणारा) आणि लोअरकेस एवढंच असेल, तर तिथेही हे होत असणार.

यावर औषध तयार आहे. ल्युसीनमध्ये हिंदी नॉर्मलायझेशन नावाचा फिल्टर आहे. तो ऱ चा र करतो, न दिसणारी जोडचिन्हं आणि हलन्त काढतो, दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व करतो, चंद्रबिंदूचा अनुस्वार करतो. दोन्ही ‘दुसऱ्या’ त्यातून एकसारख्या बाहेर पडतात. दिन आणि दीन एक होतात हा तोटा, पण ओसीआरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका झाकल्या जातात हा मोठा फायदा.

आता केळकर. ल्युसीनमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी यांचे तयार ॲनालायझर (शब्द शोधायोग्य करणाऱ्या फिल्टरांच्या साखळ्या) आहेत, मराठीचा नाही. मग लोक लिपी एकच म्हणून मराठीला हिंदीचा लावतात. त्यात नॉर्मलायझेशनच्या पुढे एक स्टेमर असतो, तो शब्दाच्या शेवटचे प्रत्यय छाटतो. हिंदीत जाकर, खाकर, देखकर असतं, म्हणून त्याच्या यादीत ‘कर’ आहे. तो केळकरचा ‘केळ’ करतो. केळीतलीही वेलांटी छाटून ‘केळ’ करतो. झाली गाठ! आगरकरांचं आगर होतं, तेंडुलकर तेंडुल होतात, आणि लवकरचं लव. ज्या भाषेत कितीतरी आडनावं ‘कर’ने संपतात तिला हा स्टेमर लावणं म्हणजे माणसांची नावं पुसणं आहे.

त्यामुळे हिंदीचा अख्खा ॲनालायझर घेऊ नका. त्यातले इंडिक नॉर्मलायझेशन, हिंदी नॉर्मलायझेशन आणि दशमान अंकांचा फिल्टर एवढे तीनच उचला. अंकांच्या फिल्टरने देवनागरीतलं १९३० आणि इंग्रजी आकड्यांतलं 1930 एक होतं. स्टेमर नको. हिंदीची स्टॉपवर्डची (शोधात वगळायच्या शब्दांची) यादीही नको, तिच्यात ‘का’ आणि ‘तो’ आहेत, आपल्याकडे त्यांचा अर्थ वेगळा.

पण ताई, हे आत्ता नाही. आधी जुन्याच ॲनालायझरवर ९ उभं करा, जुन्याशी ताडून पाहा, मग हे. फाइली हाताशी असल्या की दुसऱ्यांदा भरणं हे एका संध्याकाळचं काम आहे.

---

ओसरी, शनिवार रात्री ९.१५

चार दिवसांचा हिशोब देते.

सगळी पानं जेसनमध्ये आली. पानांची संख्या जुळली. दुरुस्तीकारांची नावं चौदा शोधांतून आयडीनुसार त्या त्या फाइलीत बसवली, आणि नव्या स्कीमात हे फील्ड स्टोअर्ड ट्रू केलं. फाइलींच्या दोन प्रती, एक वाचनालयात आणि एक अध्यक्षांच्या घरी.

सोलर ९ साठी जावा ११ लागलं. वर्ष आणि पान क्रमांक ही फील्डं आकडे साठवायच्या जुन्या ट्राय प्रकाराची होती, ती नव्या पॉइंट प्रकाराची केली. वर्षानुसार क्रम लावताना एरर आली, तेव्हा कळलं की पॉइंट फील्डवर सॉर्ट करायचं तर डॉकव्हॅल्यूज (क्रम लावण्यासाठीची वेगळी साठवण) चालू हवं. आमचं पुस्तकांच्या यादीचं भरण डेटा इम्पोर्ट हँडलर या सोलरच्याच साधनाने व्हायचं, तो ९ मधून काढून टाकलाय. त्याच्या जागी पायथनची चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पाचशे पानांचे गठ्ठे करून पाठवले आणि प्रत्येक गठ्ठ्याला कमिट (भरलेलं पक्कं) केलं नाही. अडीच तासांत सगळं भरलं.

मग संकेतस्थळ नव्या सर्व्हरकडे वळवलं तर जोडलंच जाईना. ब्राउझर त्याच मशीनवर उघडला की सोलर व्यवस्थित, बाहेरून काहीच नाही. फायरवॉल उलटीपालटी करून पाहिली. शेवटी सापडलं की ९ पासून सोलर मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं. सोलर-जेट्टी-होस्ट या सेटिंगमध्ये आतल्या नेटवर्कचा पत्ता दिला तेव्हा सुरू झालं.

आणि एक अडलंय. ओळखीचे शोध देऊन पाहिले तर निम्म्याहून जास्त निकाल गायब! ॲडमिनच्या पानावर तोच शोध दिला की सगळे दिसतात. संकेतस्थळावर दिसत नाहीत.

---

वळचण, शनिवार रात्री ९.५०

संकेतस्थळाच्या कोडमध्ये स्कोअरची काही अट आहे का बघा. अमुकपेक्षा कमी गुण असले तर दाखवू नये, अशी.

---

दगडीपूल, शनिवार रात्री १०.१०

वळचण यांनी नेमकं ओळखलंय. ल्युसीन ८ मध्ये बीएम२५ या गुण मोजायच्या सूत्रातून अंशस्थानचा के१ अधिक १ हा गुणक काढला. के१ सहसा १.२ असतो, म्हणजे पूर्वी प्रत्येक गुण २.२ ने गुणलेला असायचा, आता नसतो. सगळ्यांनाच सारखं भागल्यामुळे या बदलाने क्रम हलत नाही, फक्त आकडे लहान होतात. पूर्वी ६.६ गुण मिळवणारं पान आता साधारण ३ वर येईल. अट ४ ची असेल तर ते पान लपलं.

अट २.२ ने भागू नका, काढूनच टाका. बीएम२५ चे गुण एका शोधाच्या आत तुलना करण्यापुरते असतात. एका शोधातले ४ आणि दुसऱ्या शोधातले ४ यांचं एकमेकांशी नातं नाही.

---

ओसरी, शनिवार रात्री १०.४०

अट ५ ची होती. काढली. सगळी पानं परत आली.

---

तांबडमाती, रविवार सकाळी ९.००

माझा पहिला सल्ला चुकीचा होता हे मान्य करतो. जन्मनोंदीची गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्याकडे ७ वर एक इंडेक्स आहे, त्याची स्टोअर्ड फील्डं आजच तपासायला बसतोय.

ताई, जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. गेल्या सहा महिन्यांच्या लॉगमधून सगळ्यात जास्त वेळा दिलेले दोनशे शोध काढा, दोन्हीकडे चालवा आणि पहिली दहा पानं शेजारीशेजारी ठेवून बघा. जिथे फरक दिसेल तिथेच डोळ्यांनी तपासा.

---

ओसरी, पुढचा रविवार संध्याकाळी ६.३०

दोनशे शोध ताडून पाहिले. एकशे ऐंशींमध्ये पहिली दहा पानं तीच होती, थोडी मागेपुढे. बाकीच्यांत बहुतेक एकशब्दी शोध होते, तिथे लहान पानं जरा वर आली. ते मला बरोबरच वाटलं.

मग दुसरा टप्पा. ते तीन फिल्टर लावून पुन्हा सगळं भरलं. ॲडमिनमधल्या ॲनालिसिसच्या पानावर दोन्ही ‘दुसऱ्या’ टाकून पाहिल्या आणि दोन्ही एकाच टोकनला येऊन थांबल्या. जुन्या सर्व्हरवर ‘शेतकऱ्यांना’ची ४१२ पानं मिळत होती, आता १,०३७ मिळतात. सहाशेहून जास्त पानं इतकी वर्षं संग्रहात असूनही कुणाला सापडत नव्हती.

खडूफळा सर, केळकर शोधले की केळकरच येतात.

एक राहिलंय. आमची १९६२ च्या आधीची पानं जुन्या शुद्धलेखनातली आहेत. कांहीं, नांव, घरें. आज वाचक ‘काही’ आणि ‘नाव’ शोधतो. सगळे अनुस्वार काढले तर अंग आणि अग एक होतील.

---

दगडीपूल, रविवार रात्री ८.००

मूळ फील्डला हात लावू नका. कॉपीफील्डने दुसरं एक फील्ड करा, त्यात पॅटर्न रिप्लेस या फिल्टरने अनुस्वार काढा आणि शोधताना त्याला मूळच्या तुलनेत एक पंचमांश वजन द्या. अंग शोधणाऱ्याला अंगच आधी मिळेल, आणि ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ही मिळेल. पुण्यात, पुण्याहून, पुण्याला या सामान्यरूपांसाठी पुढे कधीतरी हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचा मराठी कोश लावून बघू. त्याला वेळ लागेल, वेगळा धागा काढा.

---

खडूफळा, सोमवार सकाळी ६.५०

ओसरीताई, तुमचा दुरुस्तीचा फॉर्म पुन्हा कधी सुरू होतोय? माझ्याकडे भिंगही आहे आणि वेळही.

---

ओसरी, सोमवार सकाळी १०.०५

आजच सुरू केला, सर. आता दुरुस्ती आधी फाइलीत जाते. १९३४ च्या अहवालांची अडीचशे पानं अजून कोणी पाहिलेली नाहीत, तिथून सुरुवात कराल का? खातं उघडून देते, व्यक्तिगत निरोप बघा.